सात नंबरची खुर्ची

अण्णा, तुमचं बर्फघर पुन्हा उघडायचं चाललंय. चेष्टा नाही, खरंच. इतकी वर्षं कुलूप लावून पडलेलं ते अवाढव्य पत्र्याचं खोकं, ज्याच्यावरून गाडी गेली की मी मुद्दाम मान दुसरीकडे वळवायची, त्याची किल्ली मागच्या महिन्यात माझ्याच हातात आली. क्रेन, लिफ्ट, जे जे म्हणून काही उचलतं किंवा ओढतं ते तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच इंजिनिअर होऊन नांदेडला घरी बसले होते आणि आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. मग लग्न झालं, आणि नशीब बघा, नवऱ्याला अकाउंटंटची नोकरी लागली ती कुवेतलाच. नऊ वर्षांची असताना तुमचं बोट धरून जिथे उतरले होते तिथेच पुन्हा येऊन पडले. तेव्हा आपण अब्बासियात एका खोलीत राहायचो आणि स्वयंपाकघर केरळच्या एका कुटुंबाबरोबर अर्धं अर्धं होतं. आता हवल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, स्वयंपाकघर अख्खं माझं आहे, आणि तरी मी जागा पुरत नाही म्हणून कुरकुरत असते.

मुलीला सांगितलं, तुझे आजोबा इथे बर्फावरच्या लिफ्टचे मेकॅनिक होते. ती तेरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तरं देते, आणि तिला वाटतं की हा आमचा तह झालेला आहे. फोनवरची नजर न काढता ती म्हणाली, "इन कुवेत? व्हाय?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बाहेर पन्नास डिग्री आणि आत उणे दोन. आत मशीनने पाडलेल्या बर्फाचा एक उतार, गावाकडच्या बऱ्यापैकी टेकडाएवढा. लोक पायांना पट्ट्या बांधून वरून घसरत खाली येणार, आणि पुन्हा वर जायला एक जाड पोलादी दोर, खालच्या चाकावरून वरच्या चाकावर अखंड फिरणारा, त्याला चोवीस खुर्च्या लटकवलेल्या. कंपनीचे लोक त्याला चेअरलिफ्ट म्हणायचे. तुम्ही पाळणा म्हणायचात. मुलगी ऐकून म्हणाली, "दॅट्स सो रँडम." ते कौतुक होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

रँडम तर होतंच. जन्मात बर्फ न बघितलेला माणूस, साखर कारखान्याच्या गव्हाणीवरचा फिटर, तो वाळवंटात येऊन बर्फावरचा पाळणा सांभाळतो. शिकवायला एक गोरा इंजिनिअर आला होता. त्याला इंग्रजी बेताचं आणि तुम्हाला त्याहून बेताचं. सहा आठवडे तुम्ही दोघं हातवारे करून बोललात आणि जाताना तो तुमच्या गळ्यात पडला, असं तुम्ही सांगायचात. आई विचारायची, एवढं काय शिकलात हो त्याच्याकडून? तुम्ही म्हणायचात, "शिकायचं काय त्यात? ऊस वर न्यायचा का माणूस न्यायचा, चढावर ओढायचंच काम हाय. फक्त माणूस वरडतो, ऊस वरडत नाही." कंपनीच्या लाल जाकिटाच्या आत तुम्ही आईने विणलेली माकडटोपी घालायचात. संध्याकाळी बसमधून उतरून घरी येईपर्यंत तुमच्या कपाळावर घामाच्या धारा लागायच्या आणि हाताची बोटं मात्र बधिर असायची. आई स्वयंपाकघरात आपली पाळी येण्याची वाट बघत असायची. पाळी आली की आधी तुमच्यासाठी कोमट तिळाचं तेल, मग चहा, मग कणीक. ती एकेक बोट चोळायची आणि केरळच्या मावशी दारात उभ्या राहून हसायच्या.

माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही थर्माकोलच्या पेटीतून बर्फ आणला होतात. आठवतं? मला तर त्याचा वाससुद्धा आठवतो, म्हणजे त्याला वास नव्हता हेच आठवतं. बिल्डिंगमधली सगळी पोरं गच्चीवर जमली. आईने मोठी परात आणली. तुम्ही पेटी उपडी केलीत आणि "घ्या, काश्मीर" म्हणालात. आम्ही हात घालेपर्यंत कडा वितळायला लागल्या होत्या. कोणीतरी गुलाबाचं सरबत आणलं, आणि आई ओरडतेय, "खाऊ नका रे, मशीनचं पाणी हाय ते, पोटं बिघडतील," आणि तुम्ही तिच्या पाठीमागे उभे राहून आम्हाला खुणेने सांगताय, खा, खा. दहा मिनिटांत परातीत गुलाबी पाणी उरलं. नंतर कितीतरी वाढदिवस झाले, त्यात हॉटेलं झाली, केक झाले. तसा वाढदिवस झाला नाही, हे मी आता स्पष्टच सांगते.

आणि तुमचा एक रट्टासुद्धा. शुक्रवारी सकाळी लोक येण्याआधी तुम्ही मला कधी कधी बरोबर न्यायचात. वरच्या मशीनरूममध्ये मोठं चाक फिरत असायचं आणि मी त्याच्या कठड्याला हात लावला. नुसता कठड्याला, चाकाला नाही. तुम्ही पाठीत असा धपाटा घातलात की माझी टोपी उडाली. "चालत्या मशीनला हात लावायलीस? हात गेला म्हंजे कुठून आणू दुसरा?" मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत. मशीन बंद केलंत, मला चाकाजवळ नेलंत आणि मग तेच हात धरून बंद चाकावर, बेअरिंगवर, ग्रीसच्या चिकट कडेवर फिरवलेत. कुठे काय झिजतं ते दाखवलंत. मी इंजिनिअर कॉलेजात झाले असं सर्टिफिकेटावर लिहिलेलं आहे. ते तसं राहू दे.

त्याच दिवसांत तुम्ही मला पाळण्याचं मुख्य काम समजावून सांगितलं होतंत. खुर्ची दोराला ज्या लोखंडी पकडीने धरलेली असते तिला तुम्ही चिमटा म्हणायचात. हा चिमटा कायम एकाच जागी राहिला तर त्या जागी दाब पडून पडून दोराच्या आतल्या तारा तुटायला लागतात. म्हणून दर दोन महिन्यांनी प्रत्येक खुर्चीचा चिमटा सैल करायचा, हातभर पुढे सरकवायचा, पुन्हा आवळायचा आणि लॉगबुकात त्या नंबरसमोर टिक करायची. चोवीस खुर्च्या, चोवीस टिका. तारा तुटल्यात का हे बघायची तुमची रीत वेगळी होती. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा दोराभोवती धरायचा आणि पाळणा अगदी हळू चालवायचा. कुठे तार तुटून टोक वर आलेलं असेल तर कापड तिथे अडकतं. आमच्या कंपनीत हेच काम करायला एक महागडं यंत्र आहे, ते परदेशातून मागवावं लागतं. तरी पिशवीत मी कापडाचा तुकडा ठेवतेच, आणि बरोबरचे लोक त्यावरून माझी टिंगल करतात.

तर मागच्या महिन्यात साहेबांनी फाइल दिली. साहेब इजिप्तचे आहेत, बोलायला गोड, कामाला कडक. बर्फघराचे जुने मालक आता नाहीत. तेच, तुमचे मोठे साहेब, जे तुम्हाला मोडक्या हिंदीत "तुम अच्छा, मकीना अच्छा" म्हणायचे, मकीना म्हणजे मशीन. त्यांच्या मुलाला ते पुन्हा सुरू करायचंय. बर्फाची मशीन नवी येणार, पण पाळणा जुनाच ठेवायचा, कारण त्याचं सगळं लहानपण त्यावर गेलं आहे. आम्ही तपासून सांगायचं, जुना पाळणा चालवता येईल की नाही. ही जागा माझ्या वडिलांची आहे, असं मी साहेबांना त्याच क्षणी सांगायला हवं होतं. असल्या कामात आपलं माणूस गुंतलेलं असलं तर ते काम घ्यायचं नसतं, हा आमचा पहिला नियम. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ओके सर." मला आत जायचं होतं, अण्णा. बस, एवढंच.

आत शिरले. बर्फ नाही, नुसता सिमेंटचा उतार, आणि त्यावर रांगेने लटकलेल्या खुर्च्या. थंडी नसल्यामुळे ती जागा तुमची वाटेनाच. मग मशीनरूमचं दार उघडलं आणि ग्रीसचा वास आला, तेव्हा मी खाली बसले. बरोबरच्या टेक्निशियनला वाटलं उकाड्याने चक्कर आली. त्याने पाणी आणून दिलं. नंतर तीन दिवस मी चाकं, खांब, चिमटे बघितले. दोर शिडीवरून हाताला येईल तेवढा पुसून बघितला. आतली हवा कोरडी राहिली असल्यामुळे गंज नव्हताच म्हटलं तरी चालेल. आणि लॉगबुकं तर काय! तुमच्या त्या ठाशीव इंग्रजी आकड्यांतली सगळी वर्षं. एक टिक चुकलेली नाही. दर महिन्याला दोराच्या रकान्यात "ओके". दोराची परदेशी यंत्राने तपासणी व्हायला काही महिने लागतील, तोपर्यंत या नोंदींच्या जोरावर तात्पुरतं सर्टिफिकेट देता येईल असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. छाती फुगली होती माझी. मालकाचा मुलगा म्हणाला, "माझे वालिद म्हणायचे, या माणसाचं एक पान कोरं सापडणार नाही." तुमचा फोटो प्रवेशद्वारात लावायचा, पहिला मेकॅनिक म्हणून, हे त्यानेच सुचवलं. कोणाकडे मिळेल तो फोटो, असंही विचारलं. माझ्या पाकिटात होता. मी म्हणाले, चौकशी करते.

मग त्याने एक खोका दिला. मशीनरूमच्या कपाटात सापडलेलं किडुकमिडुक. त्यात शंभर पानी वही होती. "ही बहुतेक हिंदी आहे," तो म्हणाला, "तू वाचून सांग, कामाचं काही आहे का." ती वही घरी आणून मी दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडली. तुमचं मराठी अक्षर मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आईला लिहिलेली पत्रं तिने कुठे ठेवली ते तिलाच माहीत. पहिल्या पानांवर हसू येत होतं. "नऊ नंबर कुरकुर करायलीय, तेल पाजलं." "मोठे साहेब आज गप्प, बहुतेक घरी भांडण." "गोरा म्हणतो ग्रीस कमी, मी म्हणतो जास्त, मशीन माझ्या बाजूचं." असं वाचत वाचत मी एका खंडेनवमीला पोचले.

तुमची खंडेनवमी अख्ख्या बर्फघराला ठाऊक होती. सगळी हत्यारं धुऊन पुसून लाल कापडावर मांडायची, नटबोल्टचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, हळदकुंकू, झेंडू, आणि मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणीही हत्यार उचलायचं नाही. पहिल्या वर्षी मॅनेजर चिडला होता, दुसऱ्या वर्षी तो पेढ्यांची वाट बघायला लागला. तुम्ही हुशारीने सगळी कामं आदल्या दिवशी उरकून ठेवायचात. मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली, शाळेला सुट्टी होती, म्हणून मांडामांड करायला मीही आले होते. झेंडूची फुलं बर्फाजवळ ठेवल्यावर कडक होतात हे मला त्या दिवशी कळलं. तिथवर मला आठवतं.

त्या दिवसाच्या पानावर तुम्ही लिहिलंय, "चिमटे सरकवायचं काम झालं, सात नंबर तेवढा राहिला. हत्यारं पूजेला बसली. मॅनेजर लॉगबुक मागायलाय, त्याला दुपारी वर पाठवायचंय. सातपुढं टिक केली. परवा सरकवतो." पुढचं पान दोन दिवसांनंतरचं. "गावाकडून फोन. बापू सिरियस. उद्याचं तिकीट." मग महिनाभर कोरं. तुम्ही आजोबांचं सगळं करून आलात, आणि सात नंबर डोक्यातून निघून गेला. पुढच्या फेरीला खुर्ची सरकवलीत तेव्हा लिहिलंय, "सातच्या चिमट्याखाली दोन तारा तुटलेल्या. माझी चूक. लाल खूण केली. मोठ्या साहेबांला सांगायला गेलो, दारातून माघारी आलो. अकामा गेला तर पोरीच्या शाळेचं काय." त्यानंतर दर शनिवारी एकच ओळ. "खूण पाहिली. दोनच." वर्षामागून वर्षं, तेवढीच ओळ. शेवटी शेवटी "तीन". आणि लॉगबुकात दर महिन्याला, त्याच हाताने, "ओके".

मी वही मिटली आणि भाजी फोडणीला टाकली. भाजी करपली. मी तुमच्यावर चिडले होते, हे लपवत नाही. दोन-तीन तारांनी एवढा जाड दोर तुटत नसतो, हे मला कळतं आणि तुम्हालाही कळत होतं, म्हणून तर तुम्ही त्या जागेवर डोळा ठेवून होतात. पण मग लिहायचं ना. ज्या माणसाने कठड्याला हात लावला म्हणून धपाटा घातला, त्याने दहा वर्षं खोटं "ओके" लिहावं? आणि लगेच दुसरं मन म्हणे, तू काय त्या अकाम्यावर जगत नव्हतीस? इथे राहायचा परवानाच तो, नोकरी गेली की तोही जायचा. तुझे बूट, तुझी शाळेची बस त्याच्यावरच तर होती. मी दिवसभर तुमच्याशी असं भांडत होते. नवऱ्याला वही वाचून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "अगं, तू आधी जाऊन बघ. तारा तुटलेल्या दिसल्या तर रिपोर्टमध्ये तारा तुटल्या एवढंच लिही. काम भागलं. अण्णांना त्यात कशाला ओढतेस? गेलेल्या माणसाला जबाब देता येतो का?"

दुसऱ्या दिवशी उचलणारी गाडी घेऊन गेले. लाल खूण सापडली, सात आणि आठच्या मधे, ग्रीसखाली काळवंडलेली. मी पिशवीतलं कापड काढलं आणि दोरावरून हळूहळू फिरवत नेलं. कापड अडकलं. सोडवलं, पुढे नेलं, पुन्हा अडकलं. पाच तारा. गाडीच्या वर उचललेल्या पिंजऱ्यात उभी राहून मी ढसाढसा रडले, आणि खाली टेक्निशियन ओरडून विचारतोय, "मॅडम, सब ठीक?" मी म्हटलं, "ठीक नहीं है. लिखो." त्याला वाटलं मी दोराबद्दल बोलतेय.

नवरा म्हणाला तसं करता आलं असतं. दोर बाद, तुमचं नाव स्वच्छ, फोटो दारात. पण आमचा फोन झाला तेव्हा मालकाचा मुलगा म्हणाला, "फक्त दोर बदलू. चिमटे, चाकं, खांब तेच ठेवू. ती लॉगबुकं बघून बाकी सगळं पास करता येईल ना? तो माणूस कधी चुकला नाही." ज्या वहीतली एक टिक खोटी आहे हे मला माहीत आहे, तिच्या भरवशावर मी लहान पोरांना अधांतरी बसवायचं? तुम्हीच मला विचारलं असतंत, हात गेला म्हंजे कुठून आणू दुसरा.

म्हणून गेल्या मंगळवारी दस्मानला त्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतून समुद्र दिसतो. छोट्या काचेच्या पेल्यांतून चहा आला. मी सांगितलं की वहीत कामाचं आहे, आणि आधी हेही सांगितलं की ही वही ज्यांनी लिहिली ते माझे वडील. त्याने पेला खाली ठेवला. "तुझे वडील?" मी मान हलवली. "मग तू हे काम कसं घेतलंस, मुहंदिसा?" इंजिनिअर बाईला इथे मुहंदिसा म्हणतात. मी म्हणाले, "चुकलं." मग वही उघडली आणि मराठी वाचत इंग्रजीत सांगत गेले. टिक. बापू. दोन तारा. दारातून माघारी. शनिवारची ओळ मी दोनदाच वाचली, बाकीचे शनिवार पानं उलटून दाखवले. तो माणूस भला, त्याने एकदाही मला थांबवलं नाही.

वाचून झाल्यावर त्याने चहाचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "त्या वर्षांत मी रोज बसायचो त्याच्यावर. माझ्या बहिणी बसायच्या." मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "आणि तो दर शनिवारी बघायचा?" मी म्हणाले, "हो, दर शनिवारी." त्याने वही मागितली, पानं उलटली, त्याला न वाचता येणाऱ्या ओळींवरून नजर फिरवली. "वालिदना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला काढलं नसतं," तो म्हणाला. मग वही मिटत, "कदाचित काढलंही असतं. माहीत नाही." शेवटी ठरलं ते असं. बर्फघर उघडणार, इन्शाल्ला पुढच्या थंडीत, पण पाळणा उतरवायचा. वर जायला जमिनीवरून सरकणारा पट्टा बसवायचा, पोरांनी नुसतं त्यावर उभं राहायचं. मी उठले तेव्हा दारापर्यंत सोडायला आला. फोटोबद्दल मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "फोटोचं नंतर बघू." मी पाकीट पर्समध्ये आणखी खाली सरकवलं.

साहेबांना त्याच दुपारी सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल शांतपणे आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगायचं होतंस." पुढचं काम दुसरा इंजिनिअर करेल. मला एक ताकीदीचं पत्र मिळालंय. माझ्या फाइलला लागलेलं पहिलंच. तुमच्या पायी मिळालं, असं मी घरी हसत सांगितलं, आणि मुलीने चक्क मराठीत विचारलं, "आजोबा वाईट होते का?" मी म्हटलं, नाही गं. घाबरले होते. ती म्हणाली, "ओके," आणि येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, फोन बाजूला ठेवून.

माझा राग गेलाय, अण्णा. कधी गेला सांगता येणार नाही. बहुधा त्या शनिवारांमुळे. खोटं लिहून निवांत झोपणारा माणूस असं शिडी चढून कापड घेऊन जात नाही. तुमची मला फार आठवण येते. तुम्ही असतात तर मी तुमच्याशी कडाकडा भांडले असते आणि मग तुमची बोटं चोळून दिली असती.

आज शुक्रवार आहे, जेवणं झालीत, नवरा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन आडवा झालाय. मघाशी त्याने विचारलं काय लिहितेयस इतका वेळ, मी म्हटलं, रिपोर्ट. हे कागद कुठे पाठवायचे आहेत असं नाही. पण एक गोष्ट त्यालाही सांगितलेली नाही, साहेबांना नाही, कोणालाच नाही. खंडेनवमीच्या त्या पानावर, "हत्यारं पूजेला बसली" याच्या पुढे आणि मॅनेजरच्या आधी, आणखी एक ओळ आहे. मी ती वर लिहिताना गाळली. तुम्ही लिहिलंय, "सात आठवली म्हणून पाना घ्यायला गेलो तर पोरीनं हात धरला, अण्णा आज उचलायचं नाही म्हणली, रडायलीच लागली, मग ठेवून दिला." मला हे आठवत नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवताना ती ओळ मी उडी मारून गेले. दस्मानला पुन्हा त्या ओळीपाशी आले, आणि तुमची चूक शब्दाशब्दाने वाचत असताना मी त्या ओळीवर बोट ठेवून ती झाकली. समोरच्या माणसाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, अण्णा. तरी झाकली.